डावा-उजवा आणि सात मात्रा

कॅडेट मित्रांनो, शाळेच्या पाइप बँडची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून मी एकच ताल जगत आलो आहे: डावा-उजवा, डावा-उजवा. कोणाचा कदम चुकला की तो मला लांबूनही दिसतो. अशाच एका सरावात मी एका कॅडेटला सर्वांसमोर म्हणालो, "तुझ्यात तालच नाही." दुसऱ्या दिवसापासून तो बँडला आला नाही आणि मी ती गोष्ट विसरून गेलो. तिची आठवण मला करून दिली बल्गेरियाने.

सुरुवात झाली ती विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत. १९७७ साली अंतराळात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर एकेक सुवर्ण तबकडी आहे. तिच्यावर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, एवढे मला माहीत होते. ती शोधताना त्याच तबकडीवरचे दुसरे एक गाणे कानावर पडले. एका स्त्रीचा खणखणीत आवाज आणि त्याच्याखाली पाइपचा खोल, अखंड सूर. गायिका होत्या बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्का. गाणे होते देल्यो नावाच्या हैदूताचे. बल्गेरियावर सुमारे पाचशे वर्षे ऑटोमन सत्ता होती. त्या काळात डोंगरात राहून सत्तेशी झुंजणाऱ्या बंडखोरांना तिथे हैदूत म्हणत. आपण वाजवतो ते वाद्य स्कॉटलंडचे, एवढेच मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत होतो. मग हा पाइप कुठला? पुढच्या मोठ्या सुट्टीत, साठवलेल्या पैशांतून, मी सोफियाला गेलो.

पहिला धडा बसथांब्यावरच मिळाला. "स्मोल्यान?" असे विचारताच चालकाने मान आडवी हलवली. मी नाराज होऊन मागे सरकलो, तर तो हसून आत या म्हणून खुणावू लागला. बल्गेरियात होकारासाठी मान आडवी हलवतात आणि नकारासाठी वर उचलतात. 'दा' म्हणजे हो, 'ने' म्हणजे नाही. तेव्हापासून मी माना पाहणे सोडले आणि शब्द ऐकू लागलो.

स्मोल्यान रोदोपी पर्वतात आहे. तिथून जवळच शिरोका लका हे गाव आहे. दगडी कमानींचे पूल, पांढऱ्या भिंतींची जुनी घरे आणि लोकसंगीत शिकवणारी निवासी शाळा. तुमच्याच वयाची मुले तिथे गणित, इतिहासाबरोबर गायदा शिकतात. गायदा म्हणजे बल्गेरियन बॅगपाइप. बकरीच्या कातड्याची पिशवी, फुंकायची नळी, बोटांनी सूर काढायची नळी आणि एकच सूर धरून ठेवणारी लांब नळी. आपल्या पाइपला सूर धरणाऱ्या अशा तीन नळ्या असतात, गायदेला एकच. रोदोपीतली 'काबा गायदा' आकाराने मोठी, आवाजाने खर्जातली. सूर काढायच्या नळीला अगदी वरच्या बाजूला एक बारीक भोक असते. ते उघडले की खालचे स्वर किंचित चढतात आणि त्यातूनच गायदेचा तो थरथरता अलंकार निघतो. तंबोऱ्याचा षड्ज धरून गाणाऱ्या आपल्या कानांना हे संगीत परके वाटत नाही, त्याचे कारण तो अखंड सूर.

सोफियाजवळच्या शोप प्रदेशात तर गळ्यानेच हे काम करतात. एक गट चाल गातो, दुसरा एक सूर धरून ठेवतो. दोन सूर अगदी शेजारी येऊन एकमेकांवर घासतात आणि ते घासणेच तिथे सुंदर मानतात. बिस्त्रित्सा गावच्या गायिकांची ही परंपरा युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. त्यांना 'बाबी' म्हणतात, कारण बल्गेरियनमध्ये 'बाबा' म्हणजे आजी!

आता तालाकडे येऊ. आपले संचलन दोनच्या हिशेबात चालते, कारण माणसाला पाय दोन. बल्गेरियन नाचात मात्र दोनचे आणि तीनचे गट एकत्र गुंफलेले असतात. पायदुश्को पाच मात्रांचा: दोन-तीन. रचेनित्सा सात मात्रांचा: दोन-दोन-तीन. कोपानित्सा अकरा मात्रांचा: दोन-दोन-तीन-दोन-दोन. तोंडाने म्हणून पाहा: तक, तक, तकिट. हा झाला रचेनित्सा. आता लांब गट पुढे आणा: तकिट, तक, तक. हा आपल्या रूपकाचा वजनभेद, तीन-दोन-दोन. सात मात्रा त्याच, फक्त लांब पाऊल कुठे पडते एवढाच फरक. हंगेरीचे संगीतकार बेला बार्तोक या विषम तालांनी इतके भारावले, की त्यांनी 'बल्गेरियन ताला'तले सहा नाच पियानोसाठी लिहिले.

हे सगळे मी वहीत नीट लिहून घेतले होते. मग एका संध्याकाळी, मुक्कामाच्या घराच्या अंगणात, गायदा सुरू झाली आणि माणसे हात धरून ओळीत उभी राहिली. या ओळीच्या नाचाला होरो म्हणतात. मी मोठ्या आत्मविश्वासाने ओळीच्या तोंडाशी गेलो. दहा पावलांत सगळी ओळ अडखळली. माझा पाय डावा-उजवा सोडायला तयारच नव्हता. सत्तरीच्या एका आजींनी मला हाताला धरून बाजूला घेतले. आता बाहेर काढणार, असे मला वाटले. त्यांनी मला ओळीच्या शेपटाशी उभे केले आणि माझा हात घट्ट धरून स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. नंतर कळले, रीतच तशी आहे. ओळीच्या तोंडाशी जाणकार असतो, नवख्याने शेवटी उभे राहायचे. पण नवख्याला ओळीबाहेर काढत नाहीत. त्या दर लांब मात्रेला माझा हात दाबत होत्या. अर्ध्या तासाने माझे पाऊल पडू लागले.

रात्री मला तो कॅडेट आठवला. मी त्याला ओळीचे शेपूट दिले नव्हते, दरवाजा दाखवला होता.

परत आल्यावर मी त्याला बोलावून माफी मागितली. तो काही बोलला नाही, फक्त मान हलवली. ती होकाराची की नकाराची, मला कळेना. सोमवारी सरावाला तो शेवटच्या रांगेत उभा होता. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि आम्ही दोघांनी हळू आवाजात म्हणायला सुरुवात केली: तक, तक, तकिट.