रिकाम्या पदाचा हिशेब

५७,७०० आणि ९००. पहिला आकडा नव्या सहायक प्राध्यापकाच्या महिन्याच्या मूळ वेतनाचा. दुसरा, तासिका तत्त्वावरच्या म्हणजे ‘सीएचबी’च्या प्राध्यापकाला पदवीच्या एका तासाला मिळणाऱ्या रुपयांचा. पेण असो की रोहा, अनुदानित महाविद्यालयात दोघे शिकवतात तो अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाचाच. प्राध्यापक संघटनांनी काय मिळवले आणि काय राहिले, हे या दोन आकड्यांमधल्या अंतरात दिसते.

आधी वाटाघाट कोणाशी, ते पाहू. पगार संस्थाचालक ठरवत नाहीत. तो राज्याच्या तिजोरीतून, उच्च शिक्षण सहसंचालकांच्या पनवेल कार्यालयामार्फत येतो. त्यामुळे मुंबई विद्यापीठ क्षेत्रातली ‘बुक्टू’ आणि राज्यपातळीवरचा महासंघ ‘एमफुक्टो’ यांची बोलणी थेट मंत्रालयाशी. शिवाय गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगून टाकले की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नव्हे. म्हणजे कारखान्यातल्या युनियनसारखा करार नाही, कामगार न्यायालय नाही. हातात उरते ते परीक्षेचे काम. ४ फेब्रुवारी २०१३ पासून एमफुक्टोने परीक्षांवर बहिष्कार टाकला. सरकारने ७१ दिवसांचा पगार रोखला आणि पाच वर्षांनी, २०१८ च्या आंदोलनातही तो मागण्यांच्या यादीत होताच.

वेतनश्रेणीच्या लढाईत मात्र संघटनांचे पारडे जड राहिले. सहाव्या वेतन आयोगात सुरुवातीचा पगार ग्रेड पेसह २१,६०० होता. त्याला २.६७ ने गुणून सातव्याचे ५७,७०० आले. विलंब मोठा झाला, हे खरे. सहावा आयोग १ जानेवारी २००६ पासून लागू, राज्याचा शासन निर्णय १२ ऑगस्ट २००९ चा. सातवा १ जानेवारी २०१६ पासून, निर्णय ८ मार्च २०१९ चा. दोन्ही वेळा तीन वर्षांहून अधिक. पण उशिरा का होईना, श्रेणी मिळाली.

पदांचे तसे झाले नाही. २५ सप्टेंबर २०१८ ला कामबंद आंदोलन सुरू झाले आणि सहा आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबरला, सरकारने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला मंजुरी दिली. ही रिक्त पदांच्या केवळ ४० टक्के. मग करोना आला, भरती थांबली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यातलीच उरलेली २,०८८ पदे पुन्हा मंजूर करावी लागली. तीन वर्षांत भरली गेली १,४९२.

पद रिकामे ठेवण्यात सरकारचा फायदा किती? हा हिशेब माझा आहे. वर्षाला १८० अध्यापन दिवस म्हणजे ३० आठवडे, आणि सीएचबीला आठवड्याला ९ तास धरले. वर्षाचे तास २७०, ९०० च्या दराने २,४३,००० रुपये. बारा महिन्यांत विभागले तर महिन्याला २०,२५०. एका पदाचे काम दोघांनी केले तरी खर्च ४,८६,०००. त्याच पदावर कायम प्राध्यापक नेमला तर ५७,७०० वर ५५ टक्के महागाई भत्ता, म्हणजे जानेवारी २०२५ चा दर, धरून वर्षाला १०,७३,२२०. घरभाडे आणि निवृत्तिवेतनातला सरकारचा वाटा वेगळा. एका पदामागे पावणेसहा लाखांहून अधिक बचत, आणि २,०८८ पदांवर वर्षाला सुमारे १२३ कोटी. ही बचत कोणी तरी आपल्या खिशातून भरतो. तो रोह्याच्या स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बिलाची वाट पाहत असतो.

तासाचा दर २०१८ मध्ये ५०० होता, पुढे ६२५ झाला, मार्च २०२३ मध्ये ९००. वाढ ८० टक्क्यांची आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्येच अभ्यागत अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० असा दर ठरवला होता. तो धरला तर वरचे २०,२५० होतात ३३,७५०. रोह्याच्या महाविद्यालयाला ज्या चिंतामणराव देशमुखांचे नाव आहे, ते १९५६ ते १९६१ याच आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाची वेतनश्रेणी राज्याने घेतली, तासाचा दर घेतला नाही.

संघटनांनी दोन्ही मागण्या मांडल्या, पण सर्वाधिक जोर श्रेणी आणि थकबाकीवर राहिला, असे माझे मत. त्याचे कारणही उघड आहे. वर्गणी भरणारा सभासद बहुधा कायम असतो, आणि सीएचबीवाल्याला पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची असते. तो बहिष्कारात उतरला तर त्याचा पगार रोखण्याचीही गरज नाही. नुसते बोलावले नाही की झाले.

आता आठव्या आयोगाचे वारे आहे. प्राध्यापकांची श्रेणी यथावकाश होईलच, आजवर झाली आहे. पेण-रोह्याच्या सभासदांनी आपल्या प्रतिनिधींना एवढेच सांगावे, की या वेळच्या मागणीपत्रात पहिले कलम रिक्त पदांचे, दुसरे १,५०० रुपयांचे आणि थकबाकी तिसरी असू द्या.