पक्षीफेरी : एक वाट, अनेक डोळे

पक्षीफेरी म्हणजे एखाद्या निसर्गमंडळाने ठरवलेल्या दिवशी, ठरवलेल्या वाटेवर, जाणकाराच्या सोबतीने केलेली पायी भटकंती. ती बहुधा रविवारी उजाडताना सुरू होते, दोन-तीन तास चालते आणि तेवढ्या वेळात जेमतेम दीड-दोन किलोमीटर पुढे सरकते. ट्रेकमध्ये कुठे पोहोचलो याला मोल असते. फेरीत वाटेवर काय दिसले आणि काय ऐकू आले याला. फेरीच्या शेवटी हाती उरते ती पक्ष्यांची यादी. वरवर पाहता ती क्षुल्लक वाटते, पण सगळी फेरी तिच्यासाठीच रचलेली असते.

महाराष्ट्रात या परंपरेचे मूळ मुंबईत सापडते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ हौशी निसर्गअभ्यासक जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. दर महिन्याला भेटायचे, सापडलेले नमुने एकमेकांना दाखवायचे आणि निरीक्षणे सांगायची, एवढाच सुरुवातीचा बेत होता. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते. डॉ. आत्माराम पांडुरंग हे व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे बंधू आणि प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. डॉ. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे अभ्यासक. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. १८८४ च्या जानेवारीत हर्बर्ट फिप्सन या मद्यविक्रेत्याने फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानातली खोली संस्थेला दिली आणि १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले.

त्या काळी पक्षी अभ्यासणे म्हणजे बंदुकीने पाडून त्याचे कातडे भरून ठेवणे. मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या सालिम अलींची सुरुवातही तशीच झाली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखता येईना, म्हणून ते ती घेऊन सोसायटीत गेले. सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी खच्चून भरलेली कपाटे त्या मुलापुढे उघडली. अलिबागजवळच्या किहीम गावी १९३० मध्ये अलींनी सुगरणीच्या वसाहतीवर पावसाळाभर नजर ठेवली. नर घरटे अर्धेच विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर नर ते पुरे करतो आणि ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो, हा क्रम त्यातून उलगडला. कुठल्याही दूरच्या जंगलात न जाता, एकाच जागी रोज बसून केलेले हे काम होते. १९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले आणि सामान्य माणसाला पक्षी न मारता ओळखण्याची सोय झाली. बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली, आणि मगच फेरीला आजचे रूप आले.

पुढे ही आवड मुंबईबाहेर पसरली. १९८१ पासून महाराष्ट्रात पक्षीमित्रांची संमेलने भरू लागली आणि गावोगावच्या मंडळांना एकमेकांची ओळख झाली. मारुती चितमपल्लींच्या लेखनाने मराठी वाचकाच्या घरात रानातली पाखरे आली. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. वर्षातल्या सर्वाधिक फेऱ्या बहुधा याच काळात निघतात.

फेरीची घडण

चांगल्या फेरीत विसाच्या आतबाहेर माणसे असतात. त्याहून जास्त झाली की मागच्याला पुढच्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि पक्षी सगळ्यांचेच ऐकून उडून जातात. पुढे वाटाड्या म्हणजे जाणकार, मागे कोणी रेंगाळू नये म्हणून एक जण आणि मध्ये वही किंवा मोबाइल घेऊन नोंद करणारा, अशी साधारण मांडणी असते. कपडे मळखाऊ रंगाचे, अत्तर नको, मोबाइल मुका. दुर्बीण बहुधा ८×४२ मापाची. यातला पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पट दाखवणारी दुर्बीण मोहात पाडते, पण हात थोडा जरी हलला तरी तिच्यातले चित्र जास्त थरथरते आणि दिसणारा परिसरही सहसा आवळलेला असतो. म्हणून नवख्याला आठ पटच बरी.

दुर्बिणीचा पहिला धडा असा की पक्ष्यावरून नजर काढायची नाही. नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणायची. दुसरा धडा जागा सांगण्याचा. ‘तो बघा, त्या झाडावर’ याला जंगलात काहीच अर्थ नसतो. म्हणून झाडाचा शेंडा बारा वाजता मानून घड्याळाच्या काट्यांनी जागा सांगतात: सावर, दोन वाजता, वाळकी फांदी, टोकाच्या जरा आत. वीस जणांच्या नजरा एका पानावर आणण्याची ही युक्ती आहे.

ओळख पटवण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी आकार, तोही ओळखीच्या पक्ष्याशी ताडून: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा. मग चोच, शेपटी, बसण्याची ढब, हालचाल, जागा आणि आवाज. रंग शेवटी, कारण उजेड उलटा असेल तर हिरवा पक्षीही काळा दिसतो. याच कारणासाठी वाटाड्या सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी वाट धरतो.

तांबटाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. पहिले ऊन पडले की तो उंबराच्या किंवा पिंपळाच्या निष्पर्ण शेंड्यावर येऊन बसतो. चिमणीहून जरा मोठा, ठेंगणा, हिरवा. कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, डोळ्याभोवती व गळ्यावर पिवळा रंग. ‘टुक् टुक् टुक्’ असा एकसुरी ठोका चालू असतो, पण दुर्बिणीतून पाहिले तर चोच मिटलेलीच असते आणि प्रत्येक ठोक्याला गळ्याची कातडी फुगते. मान इकडून तिकडे वळते, त्यामुळे आवाज दर वेळी वेगळ्याच दिशेने आल्यासारखा वाटतो आणि ऐकणारा भलत्याच झाडावर शोधत राहतो. तांबट आळीत भांड्यावर पडणारा हातोडा ज्यांनी ऐकला आहे त्यांना या नावाची फोड करून सांगावी लागत नाही.

मराठी नावांत अशी निरीक्षणे पुष्कळ साठलेली आहेत. शेपूट आपटत पाण्याकाठी चालणारा धोबी, पाने शिवून घरटे करणारा शिंपी, खोड ठोकणारा सुतार, घारीवरही धावून जाणारा कोतवाल: फेरीची यादी वाचताना गावातले बलुतेदार आणि अंमलदार ओळीने उभे राहतात. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याला वारकरी म्हणतात. पावशाची साद शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ अशी ऐकू येते. अडचण एवढीच की नाव दर मुलखात बदलते. भारद्वाजाला कुठे सोनकावळा म्हणतात, कुठे कुंभारकावळा. म्हणून यादीत शास्त्रीय किंवा प्रमाण नाव लिहितात. तरी स्थानिक नाव विचारून टिपून ठेवणारी मंडळे शहाणी.

ऋतू आणि जागा

प्रत्येक वाटेचे स्वतःचे पंचांग असते. मुंबईच्या पोटातल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि त्याला लागून गोरेगावच्या चित्रनगरीजवळ असलेल्या सोसायटीच्या निसर्गशिक्षण केंद्रात बारमाही फेऱ्या होतात. मे सरताना नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. पावसाबरोबर तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करायला येतो. श्रावणात पक्षी पानांत दडतात, तेव्हा फेरी फुलपाखरे, कोळी, भूछत्रे आणि रानफुलांकडे वळते. आठ वर्षांनी कारवी फुलली की तिच्यासाठीच वेगळ्या फेऱ्या निघतात. सप्टेंबरात करडा धोबी पाण्याकाठी दिसला की हिवाळी पाहुणे निघाल्याची वर्दी मिळते.

पनवेलजवळचे कर्नाळा १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झाले. किल्ल्याच्या सुळक्याखालच्या त्या दाट रानात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात, त्यामुळे कान तयार करायला ही जागा उत्तम. उघड्या पाणथळीचा अनुभव याच्या उलट. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यात गाळ साचून उथळ पाणी तयार झाले आणि बदके, करकोचे, चमचे तिथे गर्दी करू लागले. २०२० मध्ये हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाले. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणारेच नाव चालवतात आणि रोहित (फ्लेमिंगो) कुठल्या उथळात उतरलेत ते सांगतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब तिथे पाहायला मिळतात.

ठाणे खाडीची फेरी घड्याळावर ठरत नाही, पाण्यावर ठरते. पूर्ण ओहोटीला रोहित दूरच्या चिखलावर पांगलेले असतात, पूर्ण भरतीला चिखलच बुडतो. पाणी चढत किंवा उतरत असते तेव्हा ते काठाजवळ येतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून एका रविवारची वेळ पुढच्या रविवारी चालत नाही. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ झाला. ऐरोलीहून नावेतून तो पाहता येतो.

शिस्त आणि उणिवा

फेरीचे नियम थोडे आहेत, पण ते मोडण्याचा मोह मोठा असतो. घरट्याजवळ थांबायचे नाही; माणूस उभा राहिला की आईबाप चारा घेऊन येत नाहीत आणि माणूस जिथे पाहतो तिथे कावळाही पाहतो. मोबाइलवर साद वाजवून पक्षी बोलवायचा नाही. नराला तो शत्रू वाटतो आणि पिलांना भरवायचे सोडून तो हद्द राखायला धावतो. घुबडाची ढोली किंवा तिबोटी खंड्याचे बीळ कुठे आहे हे जाहीर करायचे नाही, कारण दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. कुरवांना शेव-गाठ्या टाकायच्या नाहीत. छायाचित्र हा पुरावा म्हणून उपयोगी आहे, पण चित्रासाठी पक्षी उडवला तर फेरीचा हेतूच संपला.

उणिवाही स्पष्ट आहेत. बऱ्याच फेऱ्या अजून इंग्रजीत चालतात आणि दुर्बिणीची किंमत सर्वांना परवडत नाही. मंडळाने चार दुर्बिणी ठेवल्या आणि वाटाड्या मराठीत बोलला तर माणसे बदलतात, हे कुठल्याही गावच्या शाळेबरोबर केलेल्या फेरीत दिसते. दुसरी उणीव नोंदींची: त्या रविवारच्या, सकाळच्या आणि सोयीच्या वाटांच्या असतात. दुर्लक्षित माळ, गावकुसाबाहेरचे तळे यांची पाने कोरीच राहतात.

यादी

फेरी संपताना सगळे सावलीत बसतात आणि नोंद करणारा यादी वाचतो. प्रत्येक नावाला कोणी पाहिला, किती होते, याचा जाब द्यावा लागतो. एकट्यानेच ओझरता पाहिलेला दुर्मीळ पक्षी बहुधा इथेच गळतो. थव्यातले पक्षी आधी दहा मोजून तेवढी जागा डोळ्यात धरायची आणि थव्यात ती किती वेळा बसते ते पाहायचे, अशा रीतीने अंदाजतात. दुर्मिळाबरोबर कावळे आणि साळुंक्याही लिहितात. जे दिसले ते सगळे लिहिले असेल तरच जे लिहिलेले नाही ते दिसले नव्हते असे मानता येते, आणि एखादा पक्षी कमी होत चालल्याचे अशा न दिसण्यातूनच कळते.

अशा याद्या आता ई-बर्डवर चढवल्या जातात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ऑडुबॉन संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये ही नोंदवही सुरू केली. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना आणि फेब्रुवारीतली चार दिवसांची अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी यांतही हौशी मंडळेच राबतात. नोंद करणाऱ्या डोळ्यांना कमी लेखू नये. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणालाच न सापडलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबारच्या जंगलात पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये मुंबईकरांच्या नेहमीच्या तानसा अभयारण्यातही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला दूरच्या अभयारण्याची गरज नाही. घराजवळचे एक तळे किंवा टेकडी निवडावी, महिन्यातून एकदा त्याच वेळी तीच वाट चालावी, आणि तारीख, वेळ, पक्षी, संख्या एवढे लिहावे. वर्षाअखेर बारा याद्या होतात. त्या गावाच्या त्या वाटेची तेवढी नोंद बहुधा दुसऱ्या कोणाकडेही नसते.