जून ते दिवाळी : तिसरीचे पहिले सत्र

धाराशिव जिल्ह्यात मृगाचा पाऊस होऊन सोयाबीनच्या पेरण्या सुरू होतात, त्याच सुमारास जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते. दिवाळीच्या तोंडावर नवे सोयाबीन बाजार समितीत उतरू लागते, तेव्हा शाळेचे पहिले सत्र संपत आलेले असते. अडत दुकान चालविणाऱ्या घराला या चार महिन्यांत शिवारात काय पिकले याची खडान्खडा माहिती असते. घरातल्या तिसरीतल्या मुलाची चौकशी मात्र बहुधा एकाच प्रश्नात आटोपते : गुण किती मिळाले?

या प्रश्नाला तिसरीत फारसे उत्तर नाही. राज्याच्या अभ्यासक्रमाने चालणाऱ्या शाळांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यात तिसरी-चौथीला सत्राअखेरच्या लेखी-तोंडी परीक्षेचा वाटा ४० टक्के ठरविला गेला. उरलेले ६० टक्के वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे शिक्षकांचे दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय यांचे. थोडक्यात, दिवाळीला हाती येणारा आकडा हा केवळ ताळेबंद आहे. रोजकीर्द पाहिल्याविना त्याचा अर्थ लागत नाही.

तिसरीलाच एवढे महत्त्व का? ५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीची अखेर हीच पायाभूत शिक्षणाची सीमा मानली आहे. तोपर्यंत मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात आणि गुणाकाराची सोपी उदाहरणे सोडवावीत, अशी अपेक्षा आहे. हे साधले नाही तर पुढच्या इयत्तांतले प्रत्येक पुस्तक त्या मुलाला जड जाते, कारण तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते आणि चौथीपासून वाचून शिकू लागते.

गणित हा व्यापारी घराचा जिव्हाळ्याचा विषय. आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा तोंडपाठ केली होती. आजचे मूल पाव, अर्धा आणि पाऊण हे अपूर्णांक कागदाची घडी घालून, चित्र रंगवून शिकते. जुन्या मंडळींना ही पद्धत संथ वाटते. पण घडी घालून पाहिलेला पाव मुलाला दिसतो, नुसता पाठ केलेला पाव कित्येकांना दिसत नसे. पाठांतर मुळीच नको असे मात्र नव्हे. पाढे पाठ नसलेल्या मुलाचा गुणाकार हातच्यातच अडकून पडतो.

याच विषयावरून २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रभर वाद उठला होता. ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’सोबत ‘साठ तीन’ असे वाचन सुचविले होते. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक मागून येतो, लिहिताना क्रम उलटा. लहान मूल तेथे अडखळते, हे त्यामागचे कारण. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी ही भूमिका ठामपणे मांडली होती. ज्या घरात दिवसाकाठी शंभर वेळा ‘सदुसष्ट’ आणि ‘एकोणऐंशी’ हे शब्द कानावर पडतात, तेथे ही अडचण तुलनेने कमी भासते. दुकानात बसलेले मूल न कळत शिकते, ते असे.

भाषेच्या तासाला वाचन आणि स्वतःच्या शब्दांत सांगणे, इंग्रजीत साधे संवाद, कला, कार्यानुभव व खेळ हे सारे चालूच असते. पण तिसरीचा खरा मानबिंदू परिसर अभ्यास होय. या इयत्तेचे हे पुस्तक राज्यात जिल्हानिहाय निघत आले आहे; सोलापूरच्या मुलाचे वेगळे, धाराशिवच्या मुलाचे वेगळे. जिल्ह्याचे आठ तालुके, शेजारी कोण, बालाघाटचे डोंगर, तेरणा, बोरी आणि सीना, पिके, व्यवसाय हे शिकण्याची ही शालेय आयुष्यातील जवळपास एकमेव वेळ. सत्राच्या मध्यावर, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते आणि १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, हे मुलाला कळते. ३० सप्टेंबरला घरातील मोठी माणसे १९९३ च्या भूकंपाची आठवण काढतात. सास्तूरसारखी या जिल्ह्यातील गावेही त्यात कोसळली होती.

नेमके हेच अनेक व्यापारी कुटुंबांतून निसटते आहे. मुलगा केंद्रीय मंडळाच्या शाळेत गेला की त्याचे पुस्तक देशभरासाठी एकच असते, आणि त्यात धाराशिवला जागा असणार तरी किती? शाळेची निवड चुकीची म्हणता येत नाही. परंतु तेवढा भाग घराने भरून काढावा लागतो, आणि त्यासाठी लांब जावे लागत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातले तगर म्हणजे धाराशिव तालुक्यातील तेर, असे अभ्यासक मानतात. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या पेठेतून कापड गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जाई. वडिलांच्या दुकानातून माल बाहेरगावी रवाना होताना पाहणाऱ्या मुलाला इतिहासाचा याहून जवळचा धडा कोणता? तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या मातीच्या मूर्ती आणि वस्तू पाहावयास मिळतात.

शहराजवळची धाराशिव लेणीही तशीच. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळची लेणी आणि तेथील पार्श्वनाथांची प्रतिमा यांची कथा येते, डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला हा ग्रंथ कारंजा येथून १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. भूम तालुक्यातील कुंथलगिरीला तर ही कुटुंबे वर्षातून एकदा तरी जातातच. दर्शन झाल्यावर मुलाला पायऱ्या मोजू द्याव्यात, डोंगर कोणत्या रांगेचा हे विचारावे, परतताना घेतलेल्या पेढ्याचा पाव किलोचा भाव काढू द्यावा, आणि रात्री त्याने चार ओळी लिहाव्यात. परिसर, गणित आणि मराठी यांची वेगळी पुस्तके तेथे उघडावी लागत नाहीत.

राज्यातही नवा अभ्यासक्रम २०२५ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येत आहे, त्यामुळे तिसरीची पुस्तकेही बदलतील. यंदा ज्या घरात जिल्ह्याचे जुने पुस्तक आहे, त्यांनी ते रद्दीत न घातलेले बरे. धाकट्या भावंडाला ते लागेल. दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू होते, तेव्हा सोयाबीनच्या रानात हरभरा आणि ज्वारी उभी असते.