टायमिंग सुधारतं कशानं? रस्त्यावरच्या शर्यतीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे बाहेर पडलं, की रस्त्याच्या कडेने पळणारी तरुण मंडळी दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच असल्याने वर्दी इथे रोज नजरेसमोर असते. यातलेच काही जण पुढे पाच, दहा किंवा एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरतात. मग शर्यत संपल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "टायमिंग किती आलं?"

स्वतःची आजवरची सर्वांत चांगली वेळ, म्हणजे धावणाऱ्यांच्या बोलीत 'पीबी', कशी मोडायची याबद्दल मैदानावर ऐकीव सल्ल्यांना तोटा नाही. बहुतेक सल्ल्यांचा रोख एकच असतो: जिद्द पाहिजे. जिद्द लागतेच, पण पीबी हा आधी मोजमापाचा विषय आहे. अंतर, वेग, हवा आणि विश्रांती यांचा हिशोब चुकला तर जिद्दीलाही फार काही करता येत नाही.

गैरसमज: नंबर वर आला म्हणजे टायमिंग सुधारलं.

वस्तुस्थिती: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याचं उत्तम उदाहरण शेजारच्या परभणीत आहे. १ मे १९९९ रोजी ज्या परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला, तिथल्या ज्योती गवते हिने मुंबई मॅरेथॉनमध्ये सलग अनेक वर्षं भारतीय महिलांमध्ये वरचा क्रमांक राखला. २०१७ मध्ये ती २ तास ५० मिनिटं ५३ सेकंदांत पहिली आली. २०१८ मध्ये तिची वेळ २:५०:४७ होती आणि क्रमांक दुसरा. २०१९ मध्ये तिने २:४५:४८ अशी वेळ दिली, म्हणजे जिंकलेल्या वर्षापेक्षा पाच मिनिटांहून अधिक सरस, तरी क्रमांक दुसराच, कारण पुढे सुधा सिंग २:३४:५६ मध्ये पोहोचली होती. क्रमांक तुमच्यासोबत कोण पळतं त्यावर ठरतो. पीबीत मात्र तुमची गाठ तुमच्याच जुन्या वेळेशी असते.

गैरसमज: सराव चालू असेल तर दर शर्यतीत वेळ सुधारलीच पाहिजे.

वस्तुस्थिती: ज्योतीचेच आकडे पुन्हा पाहा. पहिल्या वर्षभरात सुधारणा झाली सहा सेकंदांची. पुढच्या वर्षी जवळजवळ पाच मिनिटांची. त्यानंतर २०२० मध्ये वेळ २:४९:१४ वर गेली, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आसपास घसरली. मॅरेथॉनसारख्या लांब शर्यतीत चांगल्या धावपटूचा आलेख असाच चालतो: बराच काळ सपाट, मग एकदम उडी, मग थोडी माघार.

जितकं वर जावं तितकी सुधारणा आखडते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने ऑगस्ट २०२२ मध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पूर्ण केली. ती वेळ मोडायला त्याला जुलै २०२४ उजाडलं. नवी वेळ होती ८:०९.९१. जवळजवळ दोन वर्षांच्या मेहनतीचं फळ सव्वा सेकंदाहून किंचित जास्त. नवख्याला पहिल्या वर्षी मिनिटं मिळतात म्हणून ती दरवर्षी मिळतील असं धरून चालू नये.

गैरसमज: सोळाशे मीटर झकास आहे, म्हणजे दहा किलोमीटर सोपं जाईल.

वस्तुस्थिती: पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटरसाठी पूर्ण २० गुण मिळवायला ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. हा वेग किलोमीटरला साधारण ३ मिनिटं १४ सेकंद पडतो. त्याच वेगाने दहा किलोमीटर पळता आलं तर वेळ सव्वाबत्तीस मिनिटांच्या आसपास येईल. पण तसं होत नाही, कारण अंतर वाढलं की वेग उतरतो.

पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याने याचा एक सोपा ठोकताळा मांडला: अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट होत नाही, साधारण २.०८ पट होते. पाच किलोमीटर २५ मिनिटांत होत असतील तर दहाला ५० नव्हे, सुमारे ५२ मिनिटं धरावीत. याच हिशोबाने सोळाशेत ५:१० आणणाऱ्याचं दहा किलोमीटर ३६ मिनिटांच्या घरात जातं, आणि तेही लांब पल्ल्याचा सराव असेल तरच.

अव्वल धावपटू कुठे असतात, हे याच मापाने पाहण्यासारखं आहे. अविनाश साबळेने २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. त्याचा सरासरी वेग होता किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद. म्हणजे भरतीच्या पूर्ण गुणांच्या वेगापेक्षाही जोरात, एकामागून एक तेरा वेळा सोळाशे मीटर, मध्ये न थांबता.

गैरसमज: मनगटावरच्या घड्याळात दिसतं तेच खरं अंतर.

वस्तुस्थिती: "घड्याळात १०.१५ किलोमीटर आलं, आयोजकांनी अंतर जास्त ठेवलं," ही तक्रार जवळजवळ प्रत्येक शर्यतीनंतर ऐकू येते. उपग्रहावर चालणारं घड्याळ ठिपके जोडत अंतर काढतं. झाडी, इमारती, वळणं आली की त्यात फरक पडतो. शिवाय आपण वळणावर बाहेरून जातो, कुणाला ओलांडायला बाजूला सरकतो, तेही अंतर घड्याळ धरतं.

प्रमाणित मार्ग मोजला जातो तो सायकलने. पुढच्या चाकाला एक गणकयंत्र बसवतात. आधी रस्त्याचा एक सरळ तुकडा पोलादी टेपने मोजून घेतात आणि त्यावर सायकल अनेकदा फिरवून एका किलोमीटरला यंत्र किती आकडे पुढे सरकतं ते काढतात. ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते आणि चाकाचा घेर बदलतो, म्हणून मोजणी संपल्यावर हाच तपास पुन्हा करावा लागतो. प्रत्यक्ष मोजताना धावपटू ज्या सर्वांत जवळच्या रेषेने जाऊ शकेल तीच धरतात, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून. वर दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे मार्ग कुठल्याही परिस्थितीत कमी भरू नये. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरमध्ये ही वाढ ४२ मीटरची होते.

मार्ग उताराचा असला तरी पीबीचा अर्थ बदलतो. विक्रमासाठी एकूण उतार किलोमीटरला एक मीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि सुरुवात व शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक असून चालत नाही. २०११ मध्ये बोस्टनला जेफ्री मुताईने मॅरेथॉन २:०३:०२ मध्ये पूर्ण केली, तेव्हा त्याहून जलद कुणीच पळालेलं नव्हतं. तरीही तो विश्वविक्रम धरला गेला नाही, कारण बोस्टनचा मार्ग या दोन्ही अटींत बसत नाही. मग न मोजलेल्या रस्त्यावर आलेली 'पीबी' वहीत वेगळ्या रकान्यात लिहिलेलीच बरी.

गैरसमज: दम आहे तोवर सुरुवातीलाच वेळ कमावून ठेवावी.

वस्तुस्थिती: पीबी सर्वांत जास्त वेळा इथेच हातची जाते. दहा किलोमीटर ५० मिनिटांत करायचे आहेत, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं. उत्साहात पहिले दोन किलोमीटर साडेचार मिनिटांनी गेले आणि एक मिनिट हाती आलं. पुढचे चार बरोबर पाच मिनिटांनी. शेवटच्या चारांत पाय जड झाले आणि वेग किलोमीटरमागे फक्त २५ सेकंदांनी उतरला. एकूण वेळ ५०:४०. कमावलेलं एक मिनिट गेलं, वर चाळीस सेकंद अंगावर आले. सुरुवातीची उधारी शेवटी व्याजासकट फेडावी लागते.

केल्विन किप्टमने ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोत २:००:३५ चा विश्वविक्रम केला, त्यात पहिला अर्धा भाग ६०:४८ चा होता आणि दुसरा ५९:४७ चा. दुसऱ्या अर्ध्यात वेग वाढवायला पहिल्या अर्ध्यात हात राखावा लागतो.

गैरसमज: उन्हात पळायची सवय आहे, म्हणून उन्हात पीबीही होईल.

वस्तुस्थिती: सवयीने त्रास कमी होतो, नाहीसा होत नाही. अंग तापलं की थंड राहण्यासाठी रक्त कातडीकडे वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच वेगासाठी हृदयाचे ठोके वाढतात. लांब शर्यतीला दहा अंशांच्या आसपासची हवा सर्वांत मानवते. मराठवाड्यात पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, त्यामुळे आपल्याकडे पीबीचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. एप्रिलमधली शर्यत पळावी, पण ती जानेवारीच्या वेळेशी तोलू नये.

गैरसमज: पाणी जितकं प्याल तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं आढळलं, आणि त्याचा संबंध जास्त पाणी पिण्याशी होता. हे जिवावरही बेतू शकतं. तहान लागेल तसं प्यावं.

गैरसमज: रोज जोरात पळालं की वेळ झपाट्याने उतरते.

वस्तुस्थिती: रोज जोर लावला की आधी नडगी दुखते, मग सराव बंद पडतो. लांब पल्ल्याचे बहुतेक चांगले धावपटू आठवड्यातलं मोठं अंतर गप्पा मारता येतील इतक्या आरामाच्या वेगाने पळतात आणि जोराचे दिवस एक-दोनच ठेवतात. शर्यतीआधीचे दोन आठवडे अंतर जवळपास निम्म्यावर आणून थोडा जोर कायम ठेवला, तर वेळ साधारण दोन ते तीन टक्क्यांनी सुधारते. ५० मिनिटांच्या दहा किलोमीटरमध्ये हे एक मिनिट झालं, तेही कमी पळून. आदल्या दिवशी 'शेवटची ट्रायल' मारणारे हेच एक मिनिट घालवतात.

गैरसमज: महागाचे बूट घेतले की काम झालं.

वस्तुस्थिती: कार्बनची पट्टी आणि जाड फोम असलेल्या बुटांनी ऊर्जा वाचते हे खरं. म्हणूनच जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली आहे. पण अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला दिलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चार दशकांहून अधिक काळ भारतात कुणाला मोडता आली नाही. बूट सरावावर थोडी भर घालतात, सरावाची जागा घेत नाहीत. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालणं तर फोडांना आमंत्रण.

गैरसमज: तिशी उलटली की वेळ सुधारत नाही.

वस्तुस्थिती: एल्युड किपचोगेने २:०१:०९ ही वेळ २०२२ मध्ये बर्लिनला दिली, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. पोर्तुगालचे कार्लोस लोपेस यांनी १९८५ मध्ये २:०७:१२ चा विश्वविक्रम केला, तेव्हा ते ३८ चे होते. पस्तिशीत पळायला लागलेल्या शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला तर पुढची कित्येक वर्षं सुधारायला वाव असतो.

म्हणून शर्यतीनंतर वहीत फक्त वेळ लिहू नये. मार्ग मोजलेला होता का, हवा कशी होती, आणि दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा किती सेकंद मागे पडला, हेही लिहावं. वेळ चुकली असेल तर ती नेमकी कुठे चुकली हे या तीन नोंदी सांगतात, आणि पुढच्या सरावात काय बदलायचं तेही त्यांतूनच ठरतं.