झबल्याचे कापड

महाराष्ट्रातील वस्त्रपरंपरेचा विचार करताना पैठणी, हिमरू आणि खण यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. झबल्याकडे मात्र ते क्वचितच वळते. जुन्या सुती लुगड्याच्या धड राहिलेल्या भागातून कापलेला, हाताने धावदोरा घालून शिवलेला आणि बटणांऐवजी बंदांनी बांधला जाणारा हा नवजात बालकाचा अंगरखा बाळंतविड्यात दुपटी, टोपडी आणि लंगोट यांच्या सोबतीने येतो आणि बाळाचे अंग भरू लागले की अपुरा पडून बाजूला ठेवला जातो. तरीही संवेदनस्नेही पोशाख, म्हणजे ज्यांची त्वचा किंवा मज्जासंस्था स्पर्शाला अधिक तीव्र प्रतिसाद देते अशा व्यक्तींना टोचणार, काचणार किंवा घुसमटवणार नाही अशा बेताने योजलेला पोशाख, आणि पर्यावरणाचे भान ठेवून निवडलेले कापड या दोन्ही विषयांतील बरीचशी तत्त्वे या एवढ्याशा वस्त्रात एकत्र सापडतात, आणि म्हणूनच त्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे.

झबल्याची बेतणी अत्यंत साधी असते. आयताकृती कापड दुमडून घडीवरच गळा कापला जातो, बाह्या अंगाच्या कापडातूनच निघतात आणि समोरचा किंवा पाठीचा भाग वरपासून खालपर्यंत उघडा ठेवला जातो. यामुळे खांद्यावर शिवण येत नाही, बाही जोडल्याने काखेत तयार होणारा जाड सांधा टळतो आणि मान धरू न शकणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून कपडा ओढावा लागत नाही. ज्या दोन शिवणी अंगाच्या बाजूंना उरतात त्याही काही घरांत बाहेरच्या अंगाला ठेवल्या जातात, किंवा झबले सरळ उलटेच घातले जाते, जेणेकरून कापडाची कड त्वचेला लागू नये. विणलेली लेबले काढून त्या जागी छपाई करणे आणि शिवणी सपाट करणे हे उपाय आजचे वस्त्रोद्योग विशेष सोय म्हणून जाहीर करतात. झबल्यात मात्र टोचणारी गोष्ट मुळात निर्माणच होऊ दिलेली नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

रचनेपेक्षाही कापडाची निवड अधिक विचारात घेण्यासारखी आहे. अनेक घरांत बारशापर्यंत बाळाला कोरे कापड घालत नाहीत, आणि या प्रथेमागे श्रद्धा काहीही असली तरी तिचा भौतिक परिणाम स्पष्ट आहे. कोऱ्या कापडात खळ असते. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना दिलेला हा पिष्टमय लेप कापडाला ताठपणा देतो. वारंवारच्या धुण्यात ती खळ निघून जाते, उभ्या-आडव्या धाग्यांची एकमेकांवरील पकड सैल होते आणि कापड अंगाच्या वळणांप्रमाणे पडू लागते. त्याचबरोबर रंगाचा सुटा अंश आणि प्रक्रियेतील अवशिष्ट रसायनेही बऱ्याच अंशी धुऊन जातात. कापड चुरगळू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही राळांमधून फॉर्माल्डिहाइड हे त्वचेला त्रासदायक रसायन सुटते. 1992 मध्ये सुरू झालेल्या ओइको-टेक्स स्टँडर्ड 100 या प्रमाणपत्रात त्वचेलगतच्या प्रौढांच्या कपड्यांसाठी त्याची मर्यादा दशलक्ष भागांत 75 भाग अशी असताना तीन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या कपड्यांत ते आढळूच नये अशी अट आहे. मऊपणा आणण्यासाठी कापडावर आणखी एखादा लेप चढवण्याऐवजी वापरातून तो येऊ देणे, ही झबल्यामागची रीत आजही तितकीच ग्राह्य आहे.

टोचणे ही केवळ मनाची समजूत नसते. लोकरीवरील संशोधनातून असे दिसून आले आहे की कापडाच्या पृष्ठभागावर डोकावणारी तंतूंची टोके सुमारे 30 मायक्रॉनपेक्षा जाड असली तर ती वाकण्याआधीच त्वचेतील वेदनाग्राही मज्जातंतूंना चेतवतात. कापसाचा तंतू साधारणतः 12 ते 20 मायक्रॉन जाडीचा, आतून पोकळ आणि चपट्या फितीसारखा पिळलेला असल्यामुळे तो सहज वाकतो. शिवाय 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के बाष्प धरून ठेवतो, तर पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. बहुतेकांना अंगावरच्या कपड्याचा काही क्षणांत विसर पडतो, कारण स्पर्शग्राहक आणि मेंदू दोघेही स्थिर स्पर्शाला सरावतात. काहींच्या बाबतीत हा सराव होत नाही. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन आयर्स यांनी 1960 आणि 1970 च्या दशकांत या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि 2013 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद स्वमग्नतेच्या निकषांत समाविष्ट झाला. अशा मुलाने मोज्याची शिवण असह्य होऊन रडणे हा हट्ट नव्हे, हे अजूनही पुष्कळ घरांत आणि शाळांत समजून घेतले जात नाही.

पर्यावरणाच्या दृष्टीने झबले हा एका दीर्घ साखळीतील मधला टप्पा आहे. लुगडे विरले की त्याचा झिजलेला भाग काढून उरलेले तुकडे जोडले जात, ज्याला दंड घालणे म्हणतात. तेही पुरेनासे झाले की झबली आणि दुपटी, पुढे गोधडीचे थर आणि अखेरीस पोतेरे. नवीन धागा न पिकवता आणि न रंगवता मिळणारे कापड हेच सर्वांत कमी भार टाकणारे कापड होय. नव्या कापसाचा प्रश्न मात्र तितका सोपा नाही. कमी निविष्ठांवर, कोरडवाहू जमिनीत तग धरणारा पारंपरिक देशी कापूस आखूड आणि जाड तंतूचा असतो, तर मुलायम तलम कापडाला लांब आणि बारीक तंतू लागतो; म्हणजे जमिनीला मानवणारे आणि त्वचेला मानवणारे यांत येथे ओढाताण आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लांब धाग्याच्या देशी जाती विकसित केल्या, त्यांचे मोल या संदर्भात विशेष जाणवते. 1938 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते उघडलेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात सेंद्रिय कापसाची खादी आणि वनस्पतिजन्य रंग यांचे काम चालते. हातसुताला पीळ कमी असल्यास कापड मऊ होते, परंतु धागा कमकुवत राहतो आणि त्यातील गाठी अतिसंवेदनशील त्वचेला जाणवू शकतात, हेही नोंदवले पाहिजे.

परंपरेतील प्रत्येक वस्त्र बाळाचा विचार करून घडले, असे मात्र नव्हे. समारंभात घातली जाणारी खणाची कुंची तिच्या जरीच्या काठासह गालाला आणि मानेला घासते. तिची योजना पाहणाऱ्यांसाठी आहे. झबल्याचे बंदही गळ्याशी लांब ठेवणे धोक्याचे असते. त्याहून मोठी उणीव अशी की एवढी काळजी बाळपणाबरोबरच संपते. मोठ्यांच्या पोशाखात बंदांची बाराबंदी आणि सैल सुती बंडी होती. आता सहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला ताठ कॉलरचा टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिस्टर आणि सूत यांच्या मिश्रणाचा, गणवेश येतो आणि तो ज्याला सोसत नाही त्याच्या सोयीचा विचार क्वचितच होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि गरजेनुसार वाजवी सोय करून देण्याचे तत्त्वही त्यात मान्य केलेले आहे, त्यामुळे गणवेशाचा रंग आणि बाह्य रूप तेच ठेवून कापड सुती घेणे, शिवणीवर आतून मऊ पट्टी लावणे, कॉलरमधील कडक अस्तर वगळणे आणि पहिल्यांदा घालण्यापूर्वी कपडा तीन-चार वेळा धुऊन खळ काढणे एवढे बदल शाळा आज, नवा खर्च फारसा न करता, मान्य करू शकतात. आणि ते कसे करायचे हे गल्लीतल्या कोणत्याही शिंप्याला वेगळे शिकवावे लागणार नाही.