आधी वासे, मग कौले

आमच्या रत्नागिरीकडे पावसाळा जवळ आला, की घरोघर शाकारणीची गडबड सुरू होते. फुटकी कौले काढायची, सरकलेली नीट बसवायची, हे काम मृग नक्षत्रापूर्वी उरकावे लागते. एखादा घरमालक मात्र याहून मोठा बेत करतो. जुनी गावठी कौले साफ उतरवावी आणि तांबडीलाल मंगलोरी कौले चढवावी, असे त्याच्या मनात येते. अशा वेळी जाणता सुतार काय करतो? तो आधी शिडी लावून वर चढतो, वासे ठोकून पाहतो आणि रिपांमधील अंतर मोजतो. मंगलोरी कौल ठराविक अंतरावरील रिपेवरच नीट बसते. हे न पाहता कौले चढवली, तर कौल उत्तम, घरही उत्तम, आणि तरी पहिल्याच सरीला माजघरात पाणी, अशी गत होते!

मुलांनो, संगणकाची कार्यप्रणाली बदलतानाही नेमकी हीच दक्षता घ्यावी लागते.

कार्यप्रणाली म्हणजे काय, ते आधी पाहू. तुम्ही संगणकावर निबंध लिहिता, चित्र काढता, हिशेब मांडता. या प्रत्येक कामासाठी निरनिराळी आज्ञावली असते. परंतु कळ दाबली की अक्षर उमटवणे, लिहिलेले साठवून ठेवणे, छपाईयंत्राकडे मजकूर पाठवणे ही कामे कोणतीही आज्ञावली एकटी करीत नाही. ती कार्यप्रणालीला विनंती करते आणि कार्यप्रणाली ते काम यंत्राकडून करवून घेते. विंडोज, लिनक्स ही कार्यप्रणालींचीच नावे होत. प्रत्येक आज्ञावली एखाद्या विशिष्ट कार्यप्रणालीच्या रीतीभाती गृहीत धरून रचलेली असते. कार्यप्रणाली बदलली, की त्या रीतीही थोड्याबहुत बदलतात. मग काही आज्ञावली निमूटपणे चालू राहतात, काही अडखळतात, तर काही मुळीच सुरू होत नाहीत.

या गोष्टीचा धडा मला एका चुकीतून मिळाला. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका शाळेत शिक्षक होतो आणि संगणककक्ष माझ्याकडे होता. शाळेच्या स्मरणिकेसाठी आमच्या विद्यार्थ्यांनी रविवारी गावोगाव हिंडून वृद्ध माणसांच्या आठवणी लिहून आणल्या होत्या. कोणी गलबतावर तांडेल होते, कोणी मुंबईच्या गिरणीत आयुष्य काढले होते. तो सारा मजकूर आम्ही संगणकावर उतरवला. वह्या रद्दीत गेल्या.

पुढे सुट्टीत मी उत्साहाने त्या संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवून घेतली. मजकुराची नक्कल मी आधी तबकडीवर काढून ठेवली होती. म्हणून मी निर्धास्त होतो. परंतु मराठी लिहिण्याची आमची जुनी आज्ञावली नव्या कार्यप्रणालीवर सुरूच होईना. तबकडीवरील मजकूर उघडला, तर पडद्यावर मराठीचे एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन गर्दी तेवढी दिसली. आठवणी सांगणाऱ्यांपैकी दोघेजण तोपर्यंत निवर्तले होते. त्यांच्याकडे पुन्हा कोण जाणार आणि काय विचारणार?

असे का झाले? संगणक अक्षरे ओळखत नाही. तो केवळ अंक जाणतो. प्रत्येक अक्षरासाठी एक क्रमांक ठरलेला असतो. त्या काळच्या अनेक मराठी अक्षरसंचांत, म्हणजे फाँटांत, इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक घेऊन त्यांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. शिवाय निरनिराळ्या उत्पादकांची ही मांडणी निरनिराळी असे. तो अक्षरसंच संगणकावर असेपर्यंत सारे ठीक. तो नाहीसा झाला, की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडत. मजकूर नष्ट झाला नव्हता, पण वाचणारा उरला नव्हता. नक्कल जवळ असणे निराळे आणि ती वाचता येणे निराळे, हे मला त्या दिवशी कळले.

सुदैवाने गावातील एका टंकलेखकाकडे जुना संगणक आणि तीच आज्ञावली होती. तेथे मजकूर उघडला. पुढे तो युनिकोड या पद्धतीत रूपांतरित केला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, तो रत्नागिरीत असो वा लंडनमध्ये, बदलत नाही. रूपांतर करताना रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या अनेक ठिकाणी चुकल्या, कारण जुन्या पद्धतीत त्या दिसतात त्या क्रमाने आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवल्या जातात. त्या दुरुस्त करीत विद्यार्थ्यांचे कित्येक रविवार गेले.

यावर कोणी म्हणेल, ‘मग कार्यप्रणाली बदलूच नये!’ तेही योग्य नव्हे. काही वर्षांनी उत्पादक जुन्या कार्यप्रणालीची दुरुस्ती थांबवतो. विंडोज एक्सपीची नियमित दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्ये थांबली, तर विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. दुरुस्ती नसलेल्या संगणकात उपद्रवी आज्ञावली सहज शिरते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या अशा आज्ञावलीने जगभरचे असंख्य संगणक अडवले आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम विस्कळीत केले. तिला रोखणारी दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. गळके छप्पर बदललेच पाहिजे. मात्र ते पाहून, मोजून बदलावे.

ते कसे, हे आता ध्यानात घ्या. प्रथम आपण नित्य वापरतो त्या आज्ञावलींची आणि छपाईयंत्रासारख्या जोडयंत्रांची यादी करावी. प्रत्येकाच्या उत्पादकाने नव्या कार्यप्रणालीविषयी काय सांगितले आहे, ते वाचावे. नंतर यंत्राची कुवत तपासावी. उदाहरणार्थ, विंडोज ११ ला निदान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते. तिसरी गोष्ट, महत्त्वाच्या मजकुराच्या नकला दोन ठिकाणी ठेवाव्या आणि दुसऱ्या संगणकावर त्या उघडून वाचून पाहाव्या. चौथी, अनेक संगणक असल्यास आधी एकावरच प्रयोग करावा. आणि शेवटची, काही बिघडल्यास पूर्वस्थितीला कसे यावे, ते आरंभीच ठरवून ठेवावे.

हे सारे करण्यास फार तर एक दुपार लागते. आम्ही ती दुपार वाचवली आणि त्यापायी कित्येक रविवार खर्ची घातले. अखेर स्मरणिका निघाली. त्या दोन वृद्धांपैकी एकांच्या नातवाने आजोबांचे पान शाळेच्या ओसरीवर उभे राहून मोठ्याने वाचले. ते ऐकताना मला राहून राहून वाटत होते, की टंकलेखकाने तो जुना संगणक मोडीत काढला असता, तर हा आवाज कायमचा मुका झाला असता.