सांतियागो ते वाल्पाराईसो : एकट्याचा, थोड्या खर्चाचा प्रवास

दक्षिण अमेरिकेचा नकाशा समोर धरला असता त्याच्या पश्चिम कडेला धोतराच्या काठासारखी एक अरुंद पट्टी दिसते. हा चिली देश होय. त्याची लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर, आणि रुंदी मात्र सरासरी अवघी १८० किलोमीटरांच्या आसपास. पूर्वेस अँडीज पर्वताची भिंत, पश्चिमेस प्रशांत महासागर. राजधानी सांतियागो पर्वताच्या पायथ्याशी वसली आहे आणि वाल्पाराईसो व विन्या देल मार ही जोडशहरे समुद्रावर आहेत. मधले अंतर सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे बसने पावणेदोन-दोन तासांचे. इतक्या थोड्या अंतरात पर्वत, राजधानी, बंदर आणि सागर पाहावयास मिळावेत असे प्रदेश जगात फार नाहीत. ज्याच्या खिशात बेताचे पैसे आहेत आणि सोबतीला कोणी नाही, अशा प्रवाशाला तर हा भाग फारच सोयीचा. तेथे कसे जावे, कसे राहावे आणि डोळे उघडे ठेवून काय पाहावे, हे आम्ही येथे सांगणार आहोत. ‘आम्ही’ ही केवळ लिहिण्याची रीत. पाठीवरचे ओझे एकाच माणसाचे होते!

भारतातून निघालेल्या प्रवाशाला वाटेत निदान एकदा विमान बदलावे लागते. उतरल्यावर पहिली गाठ पडते ती शेतकी तपासनिसांशी. फळे, बी-बियाणे, धान्य, दुधाचे पदार्थ, मध, असे जे जे वनस्पतीपासून वा प्राण्यापासून झालेले असेल, ते नमूद करावे लागते. आईने प्रेमाने बांधून दिलेले लोणचे आणि तिळाचे लाडूही यात आले. नमूद केल्यास अधिकारी पाहून ठेवून घेतात अथवा परत देतात. लपविल्यास मात्र भारी दंड होतो. ही कडकपणाची हौस नव्हे. उत्तरेस आटाकामाचे वाळवंट, पूर्वेस हिमाच्छादित पर्वत आणि पश्चिमेस महासागर अशा नैसर्गिक तटबंदीमुळे पिकांवरील कित्येक किडी या देशात शिरू शकलेल्या नाहीत. द्राक्षे, सफरचंदे, चेरी यांच्या निर्यातीवर लाखो माणसांची पोटे चालतात. एका पेरूतील अळीसुद्धा तेथे मोठा शत्रू ठरू शकते.

पैशाविषयी एक गोष्ट आधी ध्यानात ठेवावी. तेथील चलन पेसो. परंतु पाटीवर ते आपण ज्याला डॉलरचे चिन्ह समजतो त्याच चिन्हाने लिहितात. जेवणाच्या पाटीवर त्या चिन्हापुढे चार हजारांचा आकडा पाहून नवख्याच्या पोटात गोळा येतो. वस्तुतः एका रुपयास दहाच्या आसपास पेसो पडतात, तेव्हा मनातल्या मनात एक शून्य पुसावे की झाले. पाच हजार पेसोंच्या नोटेवर गाब्रिएला मिस्त्राल या बाईंचे चित्र आहे. या खेड्यापाड्यांतून शिकविणाऱ्या शिक्षिका; १९४५ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि तो मान लॅटिन अमेरिकेत प्रथम त्यांच्याकडे आला. शाळामास्तरणीला नोटेवर बसविणाऱ्या देशाविषयी आम्हांला तत्काळ आपुलकी वाटली.

राहण्यासाठी मोठ्या हॉटेलांच्या वाटेस जाऊ नये. एका खोलीत सहा-आठ खाटा, कुलपाची पेटी आणि सर्वांसाठी एक स्वयंपाकघर, अशी प्रवासी वसतिगृहे दोन्ही शहरांत पुष्कळ आहेत. त्यांतील स्वयंपाकघर हीच खरी बचत. सांतियागोतील नळाचे पाणी पिण्याजोगे असल्यामुळे बाटल्यांचाही खर्च वाचतो. ऋतू मात्र आपल्या उलट: डिसेंबर ते मार्च तेथे उन्हाळा, आणि जून-जुलैत कडाक्याची थंडी.

सांतियागोत भूमिगत रेल्वे १९७५ साली सुरू झाली. तिचे आणि शहरातील बसचे एकच कार्ड असते, आणि ठरावीक वेळेत एका वाहनातून दुसऱ्यात बदलल्यास पुन्हा पुरे भाडे पडत नाही. रेल्वेचे भाडे घड्याळावर ठरते. सकाळ-संध्याकाळ कचेऱ्यांच्या गर्दीच्या वेळी ते जास्त असते, इतर वेळी कमी. प्रवाशाला कचेरी गाठावयाची नसतेच, म्हणून त्याने सावकाश न्याहारी करून निघावे.

शहराचे दर्शन सांता लुसिया टेकडीपासून आरंभावे, असे आमचे मत आहे. तेथे प्रवेशमूल्य नाही आणि शहराचा जन्मही तेथलाच. १५४१ च्या फेब्रुवारीत पेद्रो दे वाल्दिव्हिया या स्पॅनिश सरदाराने याच टेकडीच्या पायथ्याशी सांतियागोची स्थापना केली. मूळ रहिवासी तिला उएलेन म्हणत. खडकाळ, उजाड अशा या टेकडीचे उद्यान झाले ते १८७२ नंतर, नगराधिकारी बेंहामिन विकुन्या माकेन्ना यांच्या खटपटीने. माथ्यावरून पूर्वेकडे पाहिले असता अँडीज अंगावर येतो. पण रोज दिसेलच असे नाही. शहर चहूंकडून डोंगरांनी वेढलेल्या परातीत आहे, आणि हिवाळ्यात थंड हवा व धूर त्या परातीत कोंडून राहतात. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या सकाळी मात्र पर्वत असा स्वच्छ दिसतो की हात लांबविला तर बर्फ लागेल. अशी सकाळ लाभल्यास बाकीचे बेत रद्द करून टेकडी चढावी.

तेथून थोड्या अंतरावर ला मोनेदा हा राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आहे. मोनेदा म्हणजे नाणे. ही इमारत मुळात टांकसाळ होती आणि ती १८०५ साली पूर्ण झाली. आज शांत दिसणाऱ्या या वास्तूवर ११ सप्टेंबर १९७३ रोजी देशाच्याच विमानांनी बाँब टाकले. लोकांनी निवडून दिलेले अध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे त्या दिवशी आत मृत्यू पावले, आणि पुढे १९९० पर्यंत लष्करी राजवट चालली. तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली अथवा नाहीशी झाली. कितीतरी कुटुंबांना आपला माणूस कोठे पुरला हेदेखील कळले नाही. हा इतिहास सांगणारे स्मृतिसंग्रहालय २०१० साली उघडण्यात आले. तेथेही पैसे पडत नाहीत. एका उंच भिंतीवर त्या माणसांची छायाचित्रे लावली आहेत, आणि त्यांत विद्यार्थी पुष्कळ आहेत. बाहेर पडल्यावर दुसरे काही पाहण्याची इच्छा उरत नाही, यास्तव हे ठिकाण दिवसाच्या अखेरीस ठेवावे. तरुण प्रवाशाने मौजेच्या फेरीतही ते टाळू नये.

आता पोटाकडे वळू. मापोचो नदीच्या पलीकडे ला वेगा नावाची प्रचंड मंडई आहे. फळे, भाज्या, कडधान्ये तेथे स्वस्त मिळतात आणि आत लहान खाणावळीही आहेत. शाकाहारी माणसाने मक्याचा वाटलेला गोळा मक्याच्याच पानांत बांधून शिजविलेली उमिता, किंवा घेवडा, मका व भोपळा एकत्र शिजविलेले पोरोतोस ग्रानादोस मागावे. तरी चरबी घातली आहे काय, हे विचारून घ्यावे. रस्त्यावरच्या हातगाडीवर सोपाइपिया तळत असतात. भोपळा शिजवून कणकेत मळायचा, पुरीसारखे लाटायचे आणि तळायचे. हे तर आपले घारगेच, फक्त गुळावाचून! वर कांदा, कोथिंबीर, टोमॅटो आणि मिरची यांची ओली चटणी घालतात.

मिरची, टोमॅटो, मका, भोपळा हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची गोव्यास उतरली आणि मग आपल्या स्वयंपाकघराची धनीण होऊन बसली. बटाटा हा तर शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्या कंदाचे माहेर अँडीजचा प्रदेश, आणि चिलीच्या दक्षिणेकडील चिलोए बेटावर त्याच्या कितीतरी जाती आजही पिकतात. गंमत अशी की, चिलीत ‘बटाटा’ म्हटल्यास कोणी रताळे पुढे करील. तेथे बटाट्याला ‘पापा’ म्हणतात.

सांतियागोहून वाल्पाराईसोस जाणाऱ्या बस दिवसभर सुटतात. तिकीट आठवड्याच्या मधल्या दिवशी स्वस्त पडते. वाटेत दोन बोगदे लागतात आणि कासाब्लांका खोऱ्यातील द्राक्षमळे लागतात. या खोऱ्यात सकाळी बहुधा धुके असते. त्याचे कारण समुद्रात आहे. दक्षिणेकडून येणारा हंबोल्ट नावाचा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो. त्यावरची हवा गार होऊन ढग खाली राहतात आणि सकाळी आत शिरतात. सांतियागोत ऊन तापत असताना वाल्पाराईसोत स्वेटर घालावा लागतो तो त्यामुळेच.

वाल्पाराईसो हे एखाद्या प्रेक्षागृहासारखे शहर आहे. खाली बंदराशी चिंचोळी सपाटी, आणि भोवती अर्धवर्तुळात चाळीसहून अधिक टेकड्या. बाजार, बँका, कचेऱ्या खाली. माणसे राहतात वर. मग रोजची चढउतार कशी व्हावी? त्यासाठी रुळांवरून दोरखंडाने ओढले जाणारे लाकडी डबे आले. पहिला, कोन्सेप्सियोन टेकडीचा, १८८३ साली सुरू झाला. दोन डबे एकाच दोरखंडाच्या दोन टोकांना बांधलेले असतात. एक उतरतो तेव्हा त्याच्याच भाराने दुसरा चढतो, आणि यंत्राला केवळ दोहोंतील फरक तेवढा ओढावा लागतो. आपल्या विहिरीवरील रहाटाचेच हे तत्त्व! पोलांको नावाचा एक पाळणा तर सरळ उभा चढतो. त्याच्या तळाशी जाण्यासाठी टेकडीच्या पोटातून सुमारे दीडशे मीटर बोगद्याने चालावे लागते. भाडे बसच्या भाड्याहूनही कमी.

हे शहर एके काळी श्रीमंत होते. अटलांटिकमधून प्रशांत महासागरात जाणारी जहाजे खंडाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून येत, आणि त्यांचा पहिला मोठा विसावा येथे असे. इंग्रज आणि जर्मन व्यापारी आले. टेकड्यांवर पन्हळी पत्र्यांनी मढविलेली रंगीत घरे उठली. ‘एल मेर्कुरियो’ हे वृत्तपत्र येथे १८२७ पासून निघते. स्पॅनिश भाषेत अखंड चालू असलेले त्याहून जुने दैनिक नाही. १९०६ च्या भूकंपात शहर कोसळले, हजारो लोक मेले. आणि ते सावरत असतानाच १९१४ साली पनामाचा कालवा उघडला. जहाजांचा मार्गच बदलला. पैसा गेला, टेकड्या आणि माणसे उरली. २००३ साली जुन्या वस्तीला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. परंतु एके काळी तीसच्या घरात असलेल्या पाळण्यांपैकी निम्मेच टिकले, आणि त्यांतीलही काही दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षे बंद राहतात. पाहुण्याला ती मौज वाटते. पण पाळणा बंद झाला म्हणजे वरच्या म्हातारीला भाजीची पिशवी घेऊन दोन-तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणूनच आमचे सांगणे असे की, छायाचित्रापुरते नव्हे, तर रोजच्या वाहनासारखे या डब्यांत बसावे. गर्दी असल्यास पिशव्यावाल्यांना आधी जाऊ द्यावे.

टेकड्यांवरील घरे लाकडाची, दऱ्या अरुंद आणि वारा जोराचा. आग लागली की पसरते. एप्रिल २०१४ मध्ये अडीच हजारांहून अधिक घरे जळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या विन्या देल मारच्या टेकड्यांवर लागलेल्या वणव्यात १३० हून अधिक माणसे गेली. चिलीत आग विझविणारे जवान पगारी नसतात, ते सारे स्वयंसेवक. त्यांचे पहिले पथक १८५१ साली वाल्पाराईसोतच उभे राहिले. दिवसा दुकानदार वा वकील असलेला माणूस घंटा वाजताच शिरस्त्राण घालून धावतो.

भूकंपाचेही तसेच. समुद्रतळाचा नाझका पट्टा खंडाच्या खाली सतत सरकत असल्यामुळे ही भूमी हलत राहते. १९६० साली दक्षिण चिलीत झालेला ९.५ प्रतीचा भूकंप आजवर नोंदलेल्यांत सर्वांत मोठा. किनाऱ्यावर जागोजाग सुटकेच्या वाटेचे फलक आहेत. उभे राहणे कठीण जावे इतका धक्का बसल्यास भोंग्याची वाट न पाहता समुद्रसपाटीपासून तीस मीटर उंचीच्या वर जावे, हा तेथील मुलांनाही पाठ असलेला नियम.

एकट्याने आणखी थोडे जपावे. बंदरालगतच्या जुन्या गल्ल्यांत आणि टेकड्यांच्या वरच्या भागांत अंधार पडल्यावर पायी फिरू नये. रस्त्यात फोन हातात मिरवू नये. पारपत्राची प्रत खिशात व मूळ कुलपात ठेवावे. पोलिसांचा क्रमांक १३३, रुग्णवाहिकेचा १३१. ठरावीक वाटेने चालणाऱ्या सामायिक टॅक्सी, ज्यांना तेथे कोलेक्तिवो म्हणतात, रात्री टेकडी चढण्यास उत्तम.

वाल्पाराईसोहून विन्यास जाणारी लोकल गाडी किनाऱ्याने धावते. डाव्या बाजूस बसावे, समुद्र तिकडेच असतो. विन्यात फुलांचे घड्याळ आहे, वाळूचा सुंदर किनारा आहे, आणि फोंक संग्रहालयाच्या अंगणात ईस्टर बेटावरून आणलेला एक दगडी मोआई उभा आहे. तो पाहण्यास तिकीट नको. पाणी मात्र त्या हंबोल्ट प्रवाहाचे. घोट्यापर्यंत पाय बुडवून आमची हौस फिटली.

एक दिवस शिल्लक असेल तर दक्षिणेकडे बसने इस्ला नेग्रास जावे. नावाचा अर्थ ‘काळे बेट’. प्रत्यक्षात ते बेट नाही, किनाऱ्यावरचे गाव आहे. तेथे कवी पाब्लो नेरूदा यांचे घर आहे. वर सांगितलेल्या गाब्रिएलाबाई तेमुको गावी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका असताना हा पोर त्यांच्याकडे येई, आणि त्या त्याला पुस्तके देत. पुढे १९७१ साली त्यालाही नोबेल मिळाले. १९२४ साली निघालेल्या त्याच्या गाजलेल्या काव्यसंग्रहातील सोळावी कविता रवींद्रनाथ टागोरांच्या एका कवितेचे रूपांतर आहे. घर पाहण्यास तिकीट लागते आणि आमच्या हिशेबाने ते महागच आहे. ज्याला ते परवडत नाही त्याने खालच्या खडकांवर जाऊन बसावे. नेरूदांची व त्यांच्या पत्नीची समाधी घराशेजारी समुद्राकडे तोंड करून आहे, आणि लाटांचा आवाज तेथवर सहज पोचतो.